उधारीच्या वहीतून पोकरच्या टेबलावर : समोरच्या खेळाडूच्या नोंदी कशा ठेवाव्यात

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आमचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. जूनमध्ये कपाशीचं बियाणं आणि खत उधार न्यायचं, कापूस विकला की दिवाळीच्या आगेमागे पैसे द्यायचे, हा आमच्याकडचा जुना रिवाज. वडिलांची उधारीची वही लाल कापडी पुठ्ठ्याची होती. नावापुढे रक्कम असायचीच, पण समासात बारीक अक्षरात आणखी काहीतरी असायचं. 'पोळ्याला देतो म्हटला, दिवाळीला दिले.' 'पुरे दिले, दोन हप्त्यांत.' 'भाव पडला की थांबतो, पण स्वतः येऊन सांगतो.' कुणाच्या नावापुढे 'लबाड' किंवा 'देवमाणूस' लिहिलेलं मला आठवत नाही. पुढच्या जूनमध्ये तोच माणूस काउंटरपाशी उभा राहिला की वडील समास बघायचे आणि किती पिशव्या द्यायच्या ते ठरवायचे.

ऑनलाइन पोकर खेळायला लागलो तेव्हा खेळाडूच्या नावावर बोट दाबून धरलं की नोंद लिहायची चौकट उघडते, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. वर्षभर मी त्या चौकटीत जे लिहिलं ते आज वाचलं की हसू येतं. 'मूर्ख.' 'नशीबवान.' 'दुर्री-सत्तीवर जिंकला!!' 'याला सोडायचा नाही.' एकाच्या नावापुढे तर नुसतं 'अरे देवा'. तो माणूस सहा महिन्यांनी पुन्हा टेबलावर आला आणि रिव्हरला माझ्यावर मोठा बेट लावून बसला. मी घाईघाईने चौकट उघडली. 'अरे देवा' यावरून कॉल करायचा की फोल्ड, हे काही ठरेना. वडिलांची वही मला त्या रात्री आठवली.

टेक्सस होल्डेमचे नियम माहीत आहेत, ब्लाइंड-फ्लॉप-टर्न-रिव्हर कळतं, पण समोरच्याबद्दल काय टिपायचं ते कळत नाही, अशा नव्या लोकांसाठी हे लिहितो आहे. नियमच शिकायचे असतील तर आधी दहा-पंधरा दिवस नुसते खेळा, मग इकडे या.

आणि पैशाचं आधीच सांगून टाकतो. २२ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद तिथे उपयोगाचा नाही, दोन्ही एकाच मापात. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. त्यामुळे इथे जे काही आहे ते फुकटच्या चिप्सच्या टेबलासाठी आहे. परदेशी ॲपवर आडमार्गाने पैसे लावा म्हणून सल्ला देणारे भेटतील. त्यांच्या सल्ल्याने पैसे अडकले तर ते सोडवायला कुणी येत नाही. आमचा आठ जणांचा खासगी टेबल आहे, दर रविवारी रात्री जेवणं झाल्यावर. कोणी जळगावला, कोणी भुसावळला, दोघं पुण्यात, एक सुरतला. चिप्स संपल्या की त्या रात्रीपुरतं बाहेर, पुन्हा भरायच्या नाहीत, एवढाच नियम. पण एवढ्या एका नियमाने माणसं शहाण्यासारखी खेळायला लागतात. उघड्या फुकट टेबलांवर पहिल्या दहा मिनिटांत निम्मे लोक डोळे मिटून ऑल-इन जातात; तिथे नोंद ठेवणं म्हणजे वाऱ्यावर वरात. शक्यतो ओळखीच्यांचा टेबल जमवा, निदान जिथे तेच ते लोक परत येतात असा टेबल बघा.

चेहरा नाही, मग बघायचं काय?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पोरी-बाया झोक्यावर आणि बापे पत्त्यांवर. निंबाच्या सावलीत सतरंजी पडली की दोन-तीन दिवस उठायची नाही. आमच्या गल्लीत एक म्हातारबाबा होते. ते स्वतः फार कमी खेळायचे, पण कोण ब्लाइंड चाल किती वेळ ओढतो, कोण पानं बघितल्यावर बिडी पेटवतो, कोणाचा आवाज बारीक होतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. मध्येच कुणाच्या तरी कानात पुटपुटायचे, 'भो, हाऊ गडी पॅक करत नही.' तीनपत्तीतलं त्यांचं निदान क्वचित चुकायचं.

ऑनलाइनवर बिडी नाही, आवाजही नाही. राहतात चार गोष्टी : माणूस कुठल्या जागेवरून खेळला, किती चिप्स लावल्या, किती वेळ घेतला, आणि शेवटी कोणती पानं दाखवली. यातली चौथी सगळ्यात खरी. पहिल्या दोन तिच्याशी जोडल्या तरच कामाच्या. तिसरीबद्दल पुढे बोलू, तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

पायरी पहिली : एक हात, एक ओळ

नोंद लिहिताना प्रसंग लिहा. माझी एक खरी नोंद जशीच्या तशी देतो. खेळाडूचं टेबलावरचं नाव 'काळीमाती'.

'कटऑफवरून लिंप, बटनच्या रेझला कॉल. फ्लॉप राजा-सत्ती-तिर्री, तीन रंग. तिन्ही वेळा चेक-कॉल. दाखवलं सत्ती-अठ्ठी. दोघंच पॉटमध्ये. ८० ब्लाइंड खोल.'

बटन म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळणारी जागा, कटऑफ तिच्या आधीची. लिंप म्हणजे रेझ न करता नुसता ब्लाइंडएवढा कॉल, चेक-कॉल म्हणजे आधी चेक आणि समोरच्याने बेट लावला की कॉल. '८० ब्लाइंड खोल' म्हणजे जवळ बिग ब्लाइंडच्या ऐंशी पट चिप्स.

आणि खाली एक वेगळी ओळ : 'म्हणून : ब्लफ बंद. वरची जोडी असेल तर तिन्ही वेळा बेट.'

वरची ओळ घडलेली गोष्ट आहे. खालची माझं मत आहे. या दोन ओळी कधी एकत्र करू नका. मत उद्या बदलू शकतं. घडलेलं तसंच राहतं आणि त्यावरून नवं मत काढता येतं. 'कॉलिंग स्टेशन आहे', म्हणजे सगळ्याला कॉल करत बसतो, एवढंच लिहिलं असतं, तर तो सत्तीच्या जोडीवर थांबत नाही की नुसत्या एक्क्यावरही थांबत नाही, हे मला कळलं नसतं. दोन्हींत फार फरक आहे.

जागा का लिहायची? बटनवरून राजा-नव्वीने रेझ केला तर त्यात काही विशेष नाही, बरेच जण करतात. तोच रेझ सहा जणांच्या टेबलावर सगळ्यात पहिल्या जागेवरून केला, तर ती बातमी आहे. जागा नसलेली नोंद म्हणजे तारीख नसलेली उधारी.

खोली का लिहायची? कुणाकडे १२ ब्लाइंडच उरले असतील आणि तो एक्का-पंजीवर ऑल-इन गेला, तर तो बरोबरच खेळला. १०० ब्लाइंड घेऊन तेच केलं तर गोष्ट निराळी. मी सुरुवातीला हे लिहीत नसे. त्यामुळे दोन-तीन चांगल्या खेळाडूंना मी महिनोन्‌महिने 'बेफाम' समजत होतो आणि त्यांना हलकी पानं घेऊन कॉल करून चिप्स घालवत होतो.

पॉटमध्ये किती जण होते तेही टिपा. दोघांत ब्लफ मारणारा माणूस चौघांत सहसा मारत नाही.

पायरी दुसरी : आपला हात चालू असताना लिहू नका

स्वतः पॉटमध्ये असताना टंकत बसलात की वेळ संपतो आणि ॲप तुमचा हात फोल्ड करून टाकतं. माझा एकदा फ्लश असताना झाला. शिवाय नीट खेळणारा माणूस सहा जणांच्या टेबलावर चारातले तीन हात फेकतोच. तो सगळा वेळ बघायला आणि लिहायला मोकळा आहे. फोल्ड केलं की लोक मोबाइल बाजूला ठेवून शेवभाजीचा रस्सा वाढायला उठतात. तिथेच सगळं सुटतं.

एखादा हात बघायचा चुकला तर ॲपमधली हँड हिस्टरी, म्हणजे झालेल्या हातांची यादी, उघडा. शोडाउनला, म्हणजे शेवटी पानं दाखवताना, उघडलेली पानं तिथे सापडतात. काही ॲपमध्ये हरलेल्याने न दाखवता फेकलेली पानंसुद्धा दिसतात. मी बसल्या बसल्या फक्त हाताचा क्रमांक किंवा वेळ लिहून ठेवतो आणि खरी नोंद खेळ संपल्यावर करतो.

पायरी तिसरी : कशाकडे आधी बघायचं

नवा माणूस सगळंच टिपायला जातो आणि तिसऱ्या दिवशी कंटाळतो. पहिल्या महिन्यात फक्त खालच्या गोष्टींवर नजर ठेवा, याच क्रमाने.

सगळ्यात आधी लिंप. पहिल्यांदा पॉटमध्ये उतरताना रेझ न करता नुसता ब्लाइंडएवढा कॉल करतो का? केला, तर पुढे शोडाउनला काय दाखवतो? बहुतेक लिंप करणारे मधली-हलकी पानं घेऊन 'बघू तरी' म्हणून आलेले असतात. पण काही बेरके लिंप करतात, कुणी रेझ केला की पुन्हा मोठा रेझ मारतात, आणि तेव्हा त्यांच्याकडे एक्क्यांची नाहीतर राजांची जोडी असते. दोन पानांच्या एकूण १,३२६ जुळण्या होतात. एक्क्यांच्या आणि राजांच्या जोड्या मिळून त्यातल्या १२, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. 'लिंप, मग रेझवर रेझ, दाखवले एक्के' ही नोंद एकदा जरी असली तरी पुढच्या वेळी राणीची जोडी शांतपणे फेकता येते. एकाच वेळच्या नोंदीवर मी सहसा हलत नाही, पण ही त्याला अपवाद आहे.

मग तीन-बेट. म्हणजे एकाने रेझ केल्यावर दुसऱ्याने केलेला पुन्हा रेझ. आमच्या भुसावळच्या मित्राच्या नावापुढे माझ्याकडे लिहिलं आहे : 'तीन-बेट ७ वेळा पाहिला, ४ वेळा पानं दिसली : एक्के, राजे, एक्का-राजा, राजे.' राण्या धरून हिशोब केला तरी अशा माणसाचा तीन-बेट १,३२६ पैकी ३४ जुळण्यांचा, अडीच टक्क्यांच्या किंचित वर. त्याच्यासमोर एक्का-दश्शी घेऊन फ्लॉप बघायला जाणं म्हणजे पाऊस डोक्यावर असताना कापूस वाळत घालणं. उलट सुरतवाला माझ्या बटनच्या रेझवर स्मॉल ब्लाइंडमधून काहीही घेऊन तीन-बेट मारतो. तो एकदा छक्की-चव्वीने पकडला गेला तेव्हापासून मी त्याला सोडत नाही.

तिसरं, बेटची रक्कम. नव्या खेळाडूंचं सगळं पोट इथे उघडं पडतं. पॉट १०० चा असताना एखादा ३० लावतो आणि दुसऱ्या वेळी ८० लावतो. दोन्ही वेळी पानं बघा. आमच्या टेबलावर 'भरीतभाकरी' नावाने खेळणारा गडी फ्लश किंवा सरळीची वाट बघत असला की लहान बेट लावतो, म्हणजे स्वस्तात पुढचं पान मिळावं. जोडी लागली की पॉटच्या तीन चतुर्थांशावर जातो. हे मला कळायला पाच रविवार लागले. कळल्यावर मात्र त्याच्या लहान बेटवर मी रेझ करायला लागलो आणि त्याला पान महाग पडायला लागलं. रक्कम नेहमी पॉटच्या भागात लिहा : तिसरा हिस्सा, निम्मा, पूर्ण, पॉटपेक्षा जास्त. '६०० लावले' या नोंदीला दुसऱ्या दिवशी काही अर्थ राहत नाही.

चौथं, डाँक बेट. आदल्या फेरीत रेझ दुसऱ्याने केलेला असताना हा त्याच्या आधीच उठून बेट लावतो. आमच्याकडे अशा बेटमागे बहुतेक वेळा कमजोर जोडी निघते, माणूस घाबरून 'किती आहे ते आत्ताच कळू दे' म्हणून लावतो. पण प्रत्येकाचं वेगळं. पानं दिसेपर्यंत 'डाँक, पानं दिसली नाहीत' एवढंच लिहा. रिकामी जागा रिकामी ठेवायला शिका.

पाचवं, रिव्हरवरचा मोठा रेझ. घरगुती टेबलांवर हा जवळपास नेहमी खरा असतो. जो तिथे एकदा ब्लफ करताना पकडला गेला, त्याचं नाव वेगळ्या रंगात रंगवून ठेवा, असे फार थोडे असतात.

आणि वेळ. पुस्तकी सल्ला असा, की झटक्यात कॉल म्हणजे मधलं पान किंवा ड्रॉ (फ्लश-सरळीची वाट बघणारा हात), खूप विचार करून रेझ म्हणजे जोरदार पान. असेलही. पण आमच्या एका गड्याला टेबलावर दर पंधरा मिनिटांनी बायको हाक मारते, दुसऱ्याच्या गावात लाइट गेली की वायफाय जातं आणि तो मोबाइलच्या नेटवर येईपर्यंत वीस सेकंद निघून जातात. त्या वीस सेकंदांत मी त्याच्या हातात फुल हाऊस बघितला होता. होती नव्वीची जोडी. तेव्हापासून वेळेची नोंद मी तीन वेळा तेच तेच दिसल्याशिवाय करत नाही.

पायरी चौथी : आपली लघुलिपी

इंग्रजी संक्षेप घोकायची गरज नाही. मी असे वापरतो : लि म्हणजे लिंप, रे म्हणजे रेझ, कॉ म्हणजे कॉल, चे म्हणजे चेक, ३बे म्हणजे तीन-बेट. जागांसाठी प (पहिली), म (मधली), क (कटऑफ), ब (बटन), ल्हा (स्मॉल ब्लाइंड), मो (बिग ब्लाइंड). पानांना घरचीच नावं : ए, रा, रा‌णी पुरी लिहायची नाहीतर राजाशी गोंधळ होतो, गु. दोन्ही पानं एकाच रंगाची असली तर शेवटी एक टिंब. मग काळीमातीची ती लांबलचक नोंद एवढीशी होते : 'क लि-कॉ, रा७३ वर चेकॉ-चेकॉ-चेकॉ, ७८, दोघं, ८०ब्ला.' बाकीचे लोक वाचतील का याची काळजी करू नका. वडिलांची वही आईलासुद्धा वाचता यायची नाही.

बहुतेक ॲपमध्ये नावाला रंग देता येतो. चारच रंग ठेवा. माझे : हिरवा म्हणजे सगळ्यांना कॉल करणारा, निळा म्हणजे थोडे हात खेळणारा कडक, लाल म्हणजे सतत मारणारा, पांढरा म्हणजे अजून कळलेला नाही. पहिले पन्नास हात होईपर्यंत सगळे पांढरेच. मी एकदा आठ रंग केले होते. जांभळा कशाचा होता ते मला आजही सांगता येणार नाही.

पायरी पाचवी : किती वेळा?

एकदा दिसलं तर प्रसंग, तीनदा दिसलं तर सवय, असा मी ढोबळ धडा घालून घेतला आहे. नोंदीपुढे काठ्या मारा, जसे शाळेत मोजायला मारायचो. आणि काठी मारायची तर दोन्ही बाजूंनी. 'फ्लॉपच्या बेटला फोल्ड ।।।' एवढं लिहून भागत नाही. किती संधींपैकी, तेही हवं. दहापैकी तीन आणि चारपैकी तीन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे मला फार उशिरा सुचलं, खरं सांगायचं तर एका अकाउंटंट मित्राने सुनावल्यावर.

संगणकावर खेळणारे व्हीपीआयपी नावाचा आकडा वापरतात. आपल्या मनाने चिप्स घालून माणूस शंभरातल्या किती हातांत उतरला, तो आकडा. सहा जणांच्या टेबलावर २० ते २५ असला तर माणूस शिस्तीचा; ४५च्या वर गेला तर त्याला सगळ्याच हातांत रस आहे. जोडीला पीएफआर, म्हणजे फ्लॉपआधी स्वतः रेझ करून किती हातांत उतरला. दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर तो मारणारा. पहिला ५० आणि दुसरा ५ असेल तर तो नुसता कॉल करत बसणारा. हा अंदाज पन्नास-शंभर हातांत यायला लागतो. तीन-बेटच्या सवयीला काहीशे हात लागतात आणि रिव्हरच्या सवयी कळायला हजारोंनी. म्हणून घरगुती टेबलावर रिव्हरबाबत आकड्यांच्या मागे लागू नका, तिथे दाखवलेली पानंच कामाची. आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर आधी ॲपचे नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी त्याला मनाई असते. हाताने लिहिलेल्या नोंदीला कुणाची ना नसते.

पायरी सहावी : नोंदीचा भाव काढणे

नोंद वाचून चिप्स कुठे लावायच्या ते ठरलं नाही, तर ती नोंद नुसती गोष्ट आहे. त्यासाठी दोनच गणितं पाठ करा.

ब्लफचं गणित : तुम्ही पॉटच्या निम्मा बेट लावला तर समोरच्याने तीनातून एकदा फोल्ड केलं तरी तुमचं बरोबरीत सुटतं. पूर्ण पॉट लावला तर दोनातून एकदा फोल्ड हवा. आता काठ्या बघा. 'तापीकाठ' मागच्या दिवाळीपर्यंत माझ्या फ्लॉपच्या बेटला १४ पैकी ९ वेळा पळाला होता. म्हणजे तेव्हा त्याच्यावर काहीही पानं घेऊन निम्मा पॉट लावला तरी फायद्याचं होतं. काळीमाती ११ पैकी एकदा पळाला, तीसुद्धा मला वाटतं त्याची बॅटरी संपली होती. त्याच्यावर ब्लफचा बेट म्हणजे तापीत टाकलेलं नाणं.

कॉलचं गणित : समोरच्याने निम्मा पॉट लावला तर कॉल करायला तुम्हाला जिंकायची २५ टक्के शक्यता हवी, पूर्ण पॉट लावला तर ३३. भरीतभाकरीने रिव्हरला पूर्ण पॉट लावला. नोंद म्हणते, रिव्हरला मोठा बेट सहा वेळा पाहिला, सहाही वेळा दोन जोड्या किंवा त्याहून वर. मग माझ्या एकट्या एक्क्याच्या जोडीला तीनातून एकदा जिंकायची आशा कुठून आणू? फोल्ड. तोच बेट सुरतवाल्याने लावला तर मी कॉल करतो, आणि बऱ्याचदा पश्चात्ताप होत नाही.

याच गणितामुळे काही नोंदी पुसाव्या लागतात. 'फ्लशच्या आशेवर कॉल केला, मूर्ख' असं माझ्याकडे सतरा ठिकाणी होतं. फ्लॉपवर चार पानं एका रंगाची असली तर पुढच्याच पानावर फ्लश लागायची शक्यता १९ टक्के, दोन्ही पानं मिळून ३५. मी पॉटचा चौथा हिस्सा लावत होतो आणि तो कॉल करत होता. एवढ्या स्वस्तात त्याने कॉल केला यात त्याचं काय चुकलं? माझा बेट लहान होता. ती नोंद खरं म्हणजे माझ्या नावापुढे हवी होती.

पायरी सातवी : राग शांत होऊ द्या, आणि जुनं झाडा

हरल्यावर पाच मिनिटं नोंद लिहू नका. एक्क्यांची जोडी ही सगळ्यात मोठी, २२१ हातांत सरासरी एकदा मिळते, आणि तीसुद्धा कुठल्याही दोन पानांसमोर सरासरी शंभरात पंधरा वेळा हरते. हरल्यावर समोरच्याला 'गाढव' लिहिलं की ते तुमच्या डोळ्यांसमोर महिनाभर राहतं आणि तुम्ही त्याच्यावर सूड उगवायला बघता. अशाने माझ्याकडून एका रात्रीत तीन वेळा त्याच माणसाला हलके कॉल झाले. तिन्ही वेळा त्याच्याकडे पानं होती.

तारीख प्रत्येक नोंदीला घाला. माणसं शिकतात. तापीकाठ मागच्या दिवाळीपर्यंत बहुतेक बेटला पळायचा. आता त्याने अभ्यास केला आहे आणि चेक-रेझ (आधी चेक, मग समोरच्याच्या बेटवर रेझ) मारतो. सहा महिन्यांवरची नोंद मी कंसात टाकतो आणि नवी तीन वेळा जुळली तर जुनी पुसतो. हे काम मी महिन्यातून एकदा, टेबल नसलेल्या एखाद्या संध्याकाळी करतो, अर्धा तास पुरतो. ॲप बदललं किंवा काढून टाकलं तर नोंदी जातात, म्हणून आठही जणांची पानं एका साध्या वहीत उतरवून ठेवली आहेत.

नोंदी वाटू नका. आमच्यातल्या दोघांनी एकमेकांच्या नोंदी व्हॉट्सॲपवर जोडल्या आणि टेबलावर भांडण झालं. तिसऱ्याला दोघं मिळून घेरत आहेत असं त्याला वाटलं, आणि त्याचं बरोबर होतं. ॲपच्या नियमातही हे सहसा बसत नाही.

शेवटची पायरी : आपलं पान

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. या फेब्रुवारीत भुसावळचा मित्र घरी आला होता. भरिताचा बेत होता, वांगी भाजेपर्यंत गप्पा चालल्या होत्या. मी त्याला म्हटलं, माझ्याबद्दल काय लिहिलं आहेस ते दाखव, त्या बदल्यात तुझं मी दाखवतो. आधी नाही-नाही म्हणाला, मग मोबाइल पुढे केला. माझ्या नावापुढे दोनच ओळी होत्या : 'रिव्हरला पॉटपेक्षा मोठा बेट : ९ पैकी ९ खरा. लहान बेट : पानं नाहीत, रेझ केला की पळतो, ८ पैकी ७.' खाली 'म्हणून' लिहून पुढे काही नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

मी त्याला त्याचं तीन-बेटचं पान दाखवलं. तो बराच वेळ बघत बसला. पुढच्या रविवारी त्याने माझ्या बटनच्या रेझवर तीन-बेट मारला, मी नोंदीप्रमाणे गुलामांची जोडी फेकली, आणि त्याने हसत पानं उलटी केली : पंजी-तिर्री. मी वही उघडली, तारीख घातली आणि पहिली काठी मारली.